कार्बन चौदा

त्याचा जन्म जमिनीपासून दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर होतो, आणि तोही अपघाताने. कुठल्याशा फुटलेल्या ताऱ्याने भिरकावलेला एखादा प्रोटॉन लाखो वर्षं अवकाशात भटकतो, एक दिवस पृथ्वीच्या हवेत शिरतो आणि वाटेत आलेल्या अणूच्या ठिकऱ्या उडवतो. त्या ठिकऱ्यांमधला एक न्यूट्रॉन शेजारच्या नायट्रोजनमध्ये घुसतो, आतला एक प्रोटॉन बाहेर ढकलतो आणि त्याची जागा बळकावतो. नायट्रोजनचं नायट्रोजनपण तिथेच संपतं. उरतो तो कार्बन, पण नेहमीच्या कार्बनपेक्षा दोन न्यूट्रॉन अंगावर जास्त बाळगणारा. त्याला कार्बन-१४ म्हणतात.

साऱ्या पृथ्वीवर मिळून तो वर्षाला सात-आठ किलोच जन्मतो. थोड्याच काळात ऑक्सिजनशी जोडला जाऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि मग त्याला गर्दीत ओळखणं अशक्य. पानाला तो ओळखू येत नाही, मुळांना नाही, गाईला नाही, आपल्याला तर नाहीच. पिकातून ज्वारीच्या कणसात, कणसातून भाकरीत, भाकरीतून आपल्या हाडामांसात असा तो बिनबोभाट येऊन राहतो. निसर्गातल्या साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक असं त्याचं प्रमाण. एवढ्या अल्पसंख्याकाची दखल कोण घेणार? आणि तरीही गेल्या हजारो वर्षांत आभाळातून पृथ्वीवर काय काय कोसळलं, याची लिखित म्हणावी अशी साक्ष त्याच्याइतकी कुणीच दिलेली नाही.

स्वभावाने तो अस्वस्थ, पण घाई न करणारा. अंगावरचं जादा वजन त्याला पेलत नाही. केव्हातरी आतल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि हा पुन्हा नायट्रोजन होऊन हवेचा होतो. जिथून आला तिथेच परत. हे केव्हा घडेल ते एकट्या अणूपुरतं सांगता येत नाही. मोठ्या जमावाबद्दल मात्र पक्कं सांगता येतं: ५,७३० वर्षांत निम्मे जातात, पुढच्या ५,७३० वर्षांत उरलेल्यांतले निम्मे. हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या शरीरात या क्षणी, दर सेकंदाला, त्याचे तीनेक हजार अणू असे निरोप घेत आहेत. आपण जेवतो, श्वास घेतो तोवर नवे येत राहतात, म्हणून संख्या टिकते. जीव गेला की आवक थांबते आणि घड्याळ सुरू होतं.

कॅलिफोर्नियात बर्कलीला मार्टिन केमन आणि सॅम रुबेन या दोन तरुणांनी १९४० च्या फेब्रुवारीत त्याला पहिल्यांदा हेरलं. पुढे विलर्ड लिबीने १९४९ मध्ये त्याच्यावरून जुन्या वस्तूंचं वय काढून दाखवलं आणि १९६० मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याची प्रयोगशाळा उभी राहिली. नंतर ते काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेलं. घोडनदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी जोर्वे संस्कृतीची वस्ती खणून काढली, तेव्हा तिथल्या माणसांचा काळ सांगायला राजा नव्हता, शिलालेख नव्हता, नाणं नव्हतं. जळून कोळसा झालेल्या लाकडात आणि धान्यात हा होता. त्याने सांगितला तो काळ. महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांच्या इतिहासाला आपण ज्या आत्मविश्वासाने सनावळी जोडतो, ती बरीचशी याच्या भरवशावर.

कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर मान वर करून छताकडे पाहा. कमानदार दगडी छताखाली लाकडी कमानी बसवल्या आहेत. त्या मूळच्या आहेत, दोन हजार वर्षांच्या घरातल्या. त्या लाकडात ज्या दिवशी त्याची आवक थांबली, तेव्हापासून त्याच्या जमावातला सुमारे पाचवा हिस्सा विरून गेला आहे. बाकीचे चार हिस्से अजून तिथे, आपल्या डोक्यावर आहेत.

त्याच्या नावाने वय मोजायचं म्हणजे एक गोष्ट गृहीत धरावी लागते: तो दरवर्षी जवळपास सारखाच जन्मतो. लिबीने ती धरली. पुढच्या पिढीने झाडांची वर्षावर्षाची वर्तुळं मोजली, तेव्हा त्याच्या जन्मदरात चढउतार आहेत हे कळलं. पण ते संथ चढउतार होते, शतकाशतकांचे. आभाळ सावकाश बदलतं, अशीच सर्वांची समजूत होती.

२०१२ मध्ये ती मोडली. नागोया विद्यापीठात फुसा मियाके नावाची तरुणी डॉक्टरेट करत होती. जपानच्या याकुशिमा बेटावर शतकानुशतकं जगलेल्या सीडर झाडांची वर्तुळं तिने एकेक वर्ष सुटं करून तपासली. हे काम फार चिवट माणसाचं. पूर्वी दहा-दहा वर्षांची वर्तुळं एकत्र करून मोजत असत, कारण तेवढं पुरायचं. हिने वर्ष सुटं केलं आणि इ.स. ७७४ ते ७७५ च्या दरम्यान कार्बन-१४ एका उडीत १.२ टक्क्यांनी वाढलेला सापडला. आकडा लहान दिसतो. पण सूर्याच्या नेहमीच्या चढउतारांमुळे वर्षभरात जो बदल व्हावा, त्याच्या तो वीसपट होता. कुठल्याशा दिवसांत आभाळातून कणांचा असा लोंढा आला होता की सगळ्या पृथ्वीवर त्याची पैदास एकदम वाढली.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. बाराशे वर्षं तो लाकडात स्वस्थ बसून होता. खोटं तो बोलत नाही, पण विचारल्याशिवाय सांगतही नाही. नेमका प्रश्न नेमक्या वर्तुळाला विचारणारं कुणीतरी यावं लागतं.

मियाकेनंतर युरोपात, अमेरिकेत, रशियात, न्यूझीलंडमध्ये झाडांनी तीच उडी दाखवली. मग दुसरी सापडली, इ.स. ९९३ ची. मग इ.स.पू. ६६० च्या आसपासची, आपलं इनामगाव ओस पडत होतं त्या सुमाराची. आणखी मागे जात २०२३ मध्ये फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी गाप गावाजवळ, द्रूझे नदीच्या काठात गाडल्या गेलेल्या पाइन वृक्षांमध्ये १४,३०० वर्षांपूर्वीची उडी सापडली. आजवर माहीत असलेली सर्वांत मोठी ती. या घटनांना आता मियाके घटना म्हणतात.

हे केलं कुणी? आधी संशय दूरच्या ताऱ्यांवर गेला. जवळपास कुठे अतिनवतारा फुटला का, गॅमा किरणांचा झोत आला का. तिथे कार्बन-१४ ची भावंडं मदतीला आली. कणांच्या त्याच माऱ्यातून बेरिलियम-१० आणि क्लोरीन-३६ ही मूलद्रव्यंही जन्मतात. ती हवेत मिसळून राहत नाहीत, पाऊस आणि बर्फाबरोबर खाली उतरतात. या भावंडांच्या शोधात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९५० च्या दशकात टाटा संस्थेत बर्नार्ड पीटर्स आणि देवेंद्र लाल यांच्या गटाने समुद्रतळाच्या गाळात आणि पावसाच्या पाण्यात अशी मूलद्रव्यं शोधली, आणि वैश्विक किरणांनी घडवलेल्या अणूंवरून पृथ्वीचा इतिहास वाचण्याची एक शाखाच उभी केली. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात ७७५ च्या थरात ही दोन्ही भावंडं वाढलेली सापडली, आणि त्यांच्या आपसातल्या प्रमाणावरून बोट सूर्याकडे वळलं. आपलाच सूर्य. आज बहुतेक अभ्यासकांचं मत तेच आहे. २०२२ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी मात्र शंका काढली: या उड्या सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राशी नीट जुळत नाहीत आणि काही तर वर्षभराहून जास्त लांबलेल्या दिसतात. तेव्हा खटला निकालात निघालेला नाही.

आता जिवांचं काय झालं, हा खरा प्रश्न.

७७५ साली जमिनीवर काय दिसलं? इंग्लंडच्या एका जुन्या इतिवृत्तात त्या सुमाराला सूर्यास्तानंतर आकाशात तांबडा क्रूस दिसल्याची नोंद आहे. तिचा या घटनेशी संबंध असेल किंवा नसेल. आपल्याकडे वेरूळला कैलास लेणं खोदवणाऱ्या राष्ट्रकूट कृष्णाची कारकीर्द तेव्हा नुकतीच संपली होती. अंगावर फोड आले, गुरं मेली, पिकं करपली, असं त्या वर्षाबद्दल जगात कुठेही आढळत नाही. कारण आपल्या डोक्यावर हवा आहे, आणि ती विरळ वाटली तरी तिचं वजन दहा मीटर पाण्याच्या थराइतकं आहे. अवकाशातून येणारा कण तेवढ्यातून आरपार जाता जाता संपतो. त्याच्याही वर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र पहारा देतं. ध्रुवांकडे तो पहारा ढिला, विषुववृत्ताकडे कडक. दक्षिण भारतावरचा तर जगातल्या सर्वांत कडक पहाऱ्यांपैकी एक. म्हणून कार्बन-१४ जन्मतो जास्त करून ध्रुवांकडे, आणि वारे त्याला आपल्यापर्यंत पोचवतात.

म्हणजे ७७५ च्या माणसापर्यंत लोंढ्यातले कण जवळजवळ पोचलेच नाहीत. पोचला तो हा, आणि तोही निरुपद्रवी प्रमाणात. त्रास झाला असेल तर आडवाटेने. कणांच्या माऱ्याने हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जोडले जाऊन नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात, आणि ती ओझोन खातात. ध्रुवांजवळचा ओझोन काही काळ पातळ झाला असेल, सूर्याचे अतिनील किरण थोडे जास्त खाली आले असतील. जीवसृष्टीने ते पचवलं.

पहारा ढिला असताना असं वादळ आलं तर? सुमारे ४२,००० वर्षांपूर्वी चुंबकीय क्षेत्र काही शतकं अगदीच क्षीण झालं होतं. लाशां घटना म्हणतात तिला. न्यूझीलंडच्या दलदलीत गाडलेल्या कौरी वृक्षांत त्या काळातला वाढलेला कार्बन-१४ आजही मोजता येतो. त्याचा हवामानावर आणि प्राण्यांवर किती परिणाम झाला, यावर २०२१ पासून जोरदार वाद चालू आहे. वादात बाजू घेण्याइतका पुरावा मला दिसत नाही. पण ढिला पहारा आणि मोठा लोंढा एकाच वेळी येणं ही ७७५ पेक्षा वेगळी गोष्ट असेल, एवढं नक्की.

पन्नास हजार वर्षांपलीकडचं कार्बन-१४ ला विचारू नये. त्याचा जमाव तोवर इतका विरळ झालेला असतो की साक्ष टिकत नाही. त्याहून जुन्या गोष्टी लोह-६० सांगतं, ज्याचं अर्धं आयुष्य २६ लाख वर्षं आहे. ते पॅसिफिकच्या तळाशी सापडलं आहे, आणि त्यावरून दिसतं की वीस-तीस लाख वर्षांपूर्वी काहीशे प्रकाशवर्षांच्या टापूत तारा फुटला होता. धूळ अंगावर आली, जीवसृष्टी टिकली. तीसेक प्रकाशवर्षांच्या आत फुटला असता तर ओझोन मोठ्या प्रमाणावर गेला असता. तेवढ्या जवळ फुटण्याच्या बेतातला एकही तारा आज नाही. मृगातली लालसर काक्षी फुटणार आहे, पण ती फार दूर आहे. आपल्याला ती दिवसाही दिसेल, इजा करणार नाही. ४४ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या मोठ्या विनाशामागे गॅमा किरणांचा झोत असावा, असा तर्क २००४ मध्ये मांडला गेला. तो तर्कच राहिला आहे.

कार्बन-१४ ने माणसाच्या इतिहासावरही एक उपकार करून ठेवला आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये लांस-ओ-मेडोज या ठिकाणी व्हायकिंग वस्तीचे अवशेष आहेत. धातूच्या पात्याने तोडलेली तिथली तीन लाकडं २०२१ मध्ये तपासली, तेव्हा त्यांत ९९३ ची उडी सापडली. तिथून सालीपर्यंतची वर्तुळं मोजली. तिन्ही लाकडांनी एकच वर्ष सांगितलं: १०२१. कोलंबसच्या आधी ४७१ वर्षं युरोपातली माणसं अमेरिकेत झाड तोडत होती.

आणि आता त्याच्या दप्तरातली सर्वांत मोठी नोंद. ती आभाळाने केलेली नाही.

१९५० च्या दशकात अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन हवेत अणुबाँब फोडत होते. बाँबमधून न्यूट्रॉन सुटतात, न्यूट्रॉन नायट्रोजनला भिडतात, आणि हा जन्मतो. आकाशात होतं तेच, माणसाच्या हाताने. ७७५ च्या वादळाने त्याचं प्रमाण १.२ टक्क्यांनी वाढवलं होतं. १९६३-६४ पर्यंत उत्तर गोलार्धाच्या हवेत ते जवळपास दुप्पट झालं. ठाण्याच्या सागाच्या वर्तुळांत ही वाढ अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी मोजली आहे. नेवाड्यात नाही, कझाकस्तानात नाही, ठाण्यात. त्या काळात जी मुलं होती, त्यांच्या दातांच्या कवचात ती अजून आहे.

तो शरीरात आपला होऊन राहतो, हीच त्याची भीती. डीएनएच्या साखळीतला कार्बन एकाएकी नायट्रोजन झाला तर ती साखळी त्या जागी बिघडते. १९५८ मध्ये दोन माणसांनी, एकमेकांपासून फार दूर बसून, हा हिशेब मांडला. अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि सोव्हिएत संघात आंद्रेई साखारोव्ह. साखारोव्ह तर स्वतः तिथल्या हायड्रोजन बाँबचे जनक. दोघांचंही म्हणणं एकच होतं: प्रत्येक स्फोटातून सुटलेला कार्बन-१४ हजारो वर्षं जन्माला येणाऱ्या माणसांच्या शरीरात जात राहील, प्रत्येकाला धोका किंचित असेल, पण माणसं असंख्य असतील. पॉलिंग यांनी हजारो शास्त्रज्ञांच्या सह्यांचं निवेदन संयुक्त राष्ट्रांना दिलं. १९६३ च्या ऑगस्टमध्ये करार झाला आणि त्यावर सही करणाऱ्या देशांनी हवेतले स्फोट बंद केले. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी केलेल्या कामांत मी या हिशेबाला फार वरची जागा देतो. दिसत नाही, टोचत नाही, अशा एका अणूची बाजू त्यांनी जगासमोर मांडली, आणि जगाने ऐकली.

आता आपल्या काळाकडे येऊ. सौर वादळाचं नाव निघालं की सगळे १८५९ सांगतात. १ सप्टेंबरला रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलज्ञाने सूर्यावर लखलखाट पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय उपकरणं हेलपाटली. त्या दिवसाच्या कुलाब्याच्या नोंदी जपून ठेवल्या गेल्या, म्हणूनच २००३ मध्ये त्या वादळाची तीव्रता काढता आली. क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आलं होतं. (पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम यायच्या म्हणून ही वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. तिथे आजही मोजणी चालू आहे.) त्या वादळात तारयंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या, कचेऱ्यांत तारमास्तरांना झटके बसले.

आणि या महावादळाबद्दल कार्बन-१४ काय सांगतो? काहीच नाही. १८५९ च्या वर्तुळात उडी नाही. चुंबकीय क्षेत्र हादरवणारं वादळ आणि अतिवेगवान कणांचा लोंढा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या मौनातून कळतं. यंत्रांनी मोजलेला कणांचा सर्वांत जोरकस लोंढा २३ फेब्रुवारी १९५६ चा. ७७५ चा त्याच्या दहापटींहून मोठा असावा.

असा लोंढा आज आला तर शेतकऱ्याला शेतात काही कळणार नाही. कळेल ते हवेच्या या पांघरुणाच्या वर गेलेल्यांना. १९७२ च्या ऑगस्टमध्ये सूर्याने मोठा मारा केला. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं, अपोलो १७ डिसेंबरमध्ये जायचं होतं. मधल्या महिन्यांत चंद्रावर कुणी नव्हतं, हे नशीब. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एअरबसने ए-३२० जातीच्या सुमारे सहा हजार विमानांत तातडीने दुरुस्ती करायला लावली. तीव्र सौर प्रारणाने उड्डाण-नियंत्रणाची माहिती बिघडू शकते, असं कारण दिलं. भारतातल्या विमानांनाही ती करावी लागली. आणि ७७५ च्या मानाने ते सूर्याचे साधे दिवस होते. आपले उपग्रह, त्यांच्यावर चालणारे नकाशे, बँकांच्या घड्याळांची वेळ, ध्रुवावरून जाणारी विमानं, चंद्राकडे निघालेली माणसं: यांतलं काहीही ९९३ साली नव्हतं, आणि त्यानंतर इतकी मोठी उडी झाडांत सापडलेली नाही. या घटना साधारण हजार वर्षांतून एकदा येतात.

पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून आपलं आदित्य-एल१ सूर्यावर नजर ठेवून आहे. पुण्याच्या आयुकाने बांधलेली दुर्बीण त्यावर आहे. हे काम आणखी वाढायला हवं. पण अतिवेगवान कण प्रकाशाच्या पाठोपाठ अर्ध्या-पाऊण तासात पोचतात, त्यामुळे इशाऱ्यावर विसंबून भागणार नाही. यंत्रंच मुळात तशी बांधावी लागतील. विजेच्या तारांसाठी १८५९ चं माप ठीक आहे. उपग्रह, विमानं आणि भारताने २०४० पर्यंत चंद्रावर पाठवायची ठरवलेली माणसं यांच्यासाठी माप ७७५ चंच धरायला हवं.